बत्तीस इंची पन्हा

ब्रह्मदेवानं जग घडवायला बसताना माझ्या साडभाऊंना सल्ल्यासाठी बोलावलं असतं, तर हे जग अजून दुकानातच पडून असतं. साडभाऊंनी आधी आकाशाचा काठ चिमटीत धरून पाहिला असता, "रंग पक्का आहे काय जी?" म्हणून विचारलं असतं, समुद्र उलटा करून त्याची शिलाई तपासली असती आणि मग "ठीक आहे, येतो मी गुरुवारी" म्हणून चपला घालून निघून गेले असते. माणूस सोन्यासारखा, त्यात वाद नाही. पण त्यांच्याबरोबर एकदा बाजारात जाऊन पाहा, म्हणजे माझं दुःख कळेल. मी गेलोय. कैकदा गेलोय.

साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. तिकडे पुण्याबिण्याला नुसतं साडू म्हणतात. आम्ही वऱ्हाडातले लोक त्याला भाऊ जोडतो, म्हणजे भांडायला नातं जवळचं राहतं. ते अकोल्याचे आणि मी अमरावतीचा, पेशानं शाळामास्तर, आता निवृत्त. छत्तीस वर्षं त्यांनी अकोल्यात एकाच कापड दुकानात काढली. पांढऱ्या गादीवर मांडी घालून बसायचं, मागच्या फळीवरून तागा ओढायचा, गिऱ्हाइकासमोर तो सर्रकन् उलगडायचा आणि गिऱ्हाइकानं नाक मुरडलं की तितक्याच प्रेमानं घडी घालायची, हा त्यांचा जन्मभराचा उद्योग. "या हातानं जेवढं कापड उलगडलं न साडभाऊ, ते अथरलं त अकोल्याहून अमरावतीले पोचंन," ते सांगायचे, "न घडी घालत घालत वापस येईन." ऐंशी साड्या पाहून "यातच जरा वेगळं दाखवा न" म्हणणाऱ्या बायका त्यांनी पाहिल्या, आणि सगळं पाहून झाल्यावर "आम्ही फक्त भाव विचारायला आलो होतो" म्हणणारेही. छत्तीस वर्षांत त्यांच्या कपाळावर एक आठी आली नाही. ज्या दिवशी ते निवृत्त झाले त्या दिवशी मालकांनी शाल-नारळ दिला, साडभाऊंनी शालीचं सूत बोटानं चोळून पाहिलं, आणि घरी येऊन बायकोला म्हणाले, "आता मी गिऱ्हाईक."

तेव्हापासून अकोल्याच्या बाजारावर साडेसाती आली. छत्री घ्यायला गेले तर दुकानदाराकडे तांब्याभर पाणी मागितलं. छत्री उघडून स्वतः पायरीवर उभे राहिले आणि मला म्हणाले, "वता वरून." मी, एका शाळेचा माजी मुख्याध्यापक, भर टिळक रोडवर सख्ख्या साडूच्या डोक्यावर पाणी ओतत उभा होतो. प्रेशर कुकर घ्यायला जाताना घरून तुरीची डाळ भिजवून नेली होती. चपला त्यांनी तीन आठवडे घेतल्या. रोज जायचे, घालायचे, दुकानातल्या दुकानात दहा चकरा मारायचे आणि काढून ठेवायचे. तिसऱ्या आठवड्यात दुकानदार म्हणाला, "काका, आता त्या जुन्या झाल्या, घेऊनच जा." आणि गंमत म्हणजे कोणी त्यांच्यावर चिडत नसे. कारण नापसंत केलेली प्रत्येक वस्तू ते स्वतः पुसून, होती तशी खोक्यात घालून, वर दोरी बांधून परत देत. एका दुकानदारानं तर त्यांना नोकरीच देऊ केली होती.

असा हा माणूस टीव्ही घ्यायला निघाला, आणि तोसुद्धा इंटरनेटवाला. बजेट बारा हजार, वर एक रुपया नाही. हे ऐकून मी बायकोला म्हणालो, "आता आपलं काही खरं नाही." पण या वेळी मामला वेगळा होता, हे मला ठाऊक होतं.

टीव्ही हवा होता ताईसाठी. ताई म्हणजे माझी मेव्हणी, साडभाऊंची बायको. दोन वर्षांपूर्वी न्हाणीघरात पाय घसरून पडली, खुब्यात सळई बसली आणि तेव्हापासून तिचा प्रवास म्हणजे वॉकर धरून खोलीतून स्वैपाकघरात आणि स्वैपाकघरातून खोलीत. बसमध्ये बसणं बंद. आणि जीव सगळा माहेरी, शेंदूरजनाघाटला. खरं तर माहेरात आता कोणी नाही. आई-वडील गेले, भावानं संत्र्याची बाग आणि घर दोन्ही विकलं आणि तो नागपूरला फ्लॅटमध्ये राहायला गेला. पण हे ताईच्या जिवाला कोण सांगणार? थंडी सरत आली की ती अकोल्यात बसून नाकानं हवा ओढायची आणि म्हणायची, "आता आमच्या बागीले आंबिया फुटला असंन. अख्खं गाव वासानं भरलं असंन वं." आंबिया म्हणजे संत्र्याचा थंडीनंतरचा बहर, आणि त्याच्या पांढऱ्या फुलांच्या वासावर माझ्या बायकोचाही असाच जीव आहे. दोघी बहिणी फोनवर त्या वासाबद्दल अर्धा अर्धा तास बोलतात.

एकदा शेजारच्या पुतणीनं तिला मोबाइलवर दाखवलं की शेंदूरजनाघाटच्या कोणीतरी मोटारसायकलवरून जाता जाता सगळ्या गावाचा व्हिडिओ काढून इंटरनेटवर टाकलाय. ताईनं मोबाइल डोळ्याला लावला, लांब धरला, तिरका धरला. तिला शुगर, डोळे आधीच अधू. "बोटाएवढं गाव बाप्पा," ती म्हणाली, "मले त काईच नाई दिसून राह्यलं." साडभाऊ शेजारीच बसले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी खिशात सुतळी घालून बाहेर पडले.

सुतळी कशाला? तर मोजायला. घरातली जुन्या डबा टीव्हीची जागा त्यांनी सुतळीनं मोजून तिला गाठ मारली होती. पहिल्याच दुकानात पोऱ्या म्हणाला, "काका, हा बत्तीस इंची." साडभाऊंनी विचारलं, "पन्हा किती?" पोऱ्या गोंधळला. पन्हा म्हणजे कापडाची रुंदी, हे त्या बिचाऱ्याला काय माहीत! साडभाऊंनी सुतळी काढून टीव्ही या टोकापासून त्या टोकापर्यंत आडवा मोजला. सुतळी दुकानातल्या टेपला लावली, भरली अठ्ठावीस. झालं! साडभाऊंच्या चेहऱ्यावर छत्तीस वर्षांचं इमान जागं झालं. "बत्तीस म्हनता न अठ्ठावीस देता? मालकाले बलवा." मालक आला, त्यानं समजावलं की काका, टीव्ही कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरपा मोजतात. साडभाऊ थक्क होऊन त्याच्याकडे पाहत राहिले. "तिरपा? मी जर गिऱ्हाइकाले कापड तिरपं मोजून देलं असतं न बावा, तर पहिल्याच दिवशी मालकानं हाकललं असतं!" आणि मग माझ्याकडे वळून हळूच, "धंदा पाहा कसा करतेत."

पुढचं वर्षभर हेच. टीव्हीची काठपट्टी चिमटीत धरून पाहायची. मागून ठोकून पाहायची. "एक जीबी रॅम, आठ जीबी मेमरी," कोणी सांगितलं की हे म्हणणार, "माया घरच्या बाईले अठ्ठावन्न वर्सांचं सगळं लक्षात आहे, लगनात कोन काय बोललं ते. तिच्यापुढे आठ पुरन काय?" कोणी म्हणालं की इंटरनेट-रेडी आहे, की हे म्हणणार, "रेडी आहे न? मंग लावा." अकोल्याच्या मे महिन्यात टिकेल का, हा प्रश्न तर प्रत्येक दुकानात. "टिकेल काका, कंपनीची गॅरंटी आहे." "कंपनी मे महिन्यात अकोल्यात आली होती काय?" बार्शीटाकळीला स्वस्त मिळतो म्हणून कोणी सांगितलं, तर बार्शीटाकळीला जाऊन आले. ऑनलाइन मागवा म्हटलं तर म्हणाले, "बायको एकडाव पाहून केली, टीव्ही चारडाव पाहीन." आतून ताईचा आवाज आला, "चारडाव पाह्यली असती त मीच नाई म्हटलं असतं!"

कहर झाला तिवशाला. एका मॉडेलवर त्यांचं मन बसलं होतं, पण वस्तू दुकानात कशी दिसते आणि घरात कशी नांदते यात फरक असतो, असं त्यांचं मत. मुलगी द्यायची तर चार ठिकाणी चौकशी करतोच न आपण? म्हणून तोच टीव्ही दोन वर्षं वापरणारं एक घर त्यांनी ओळखीच्या ओळखीतून शोधून काढलं. मला अमरावतीहून उचललं आणि आम्ही तिवशाला त्या अनोळखी कुटुंबाकडे थडकलो. पोहे झाले, चहा झाला. साडभाऊ टीव्हीकडे बघत गंभीरपणे घरच्या वहिनींना विचारत होते, "तरास देते काय? मधातच थांबते काय? आवाज चढवते काय?" वहिनींना काही तरी वेगळंच वाटलं असावं. त्यांनी एकदा दाराकडे पाहिलं, मग पदर सावरून दबक्या आवाजात म्हणाल्या, "आधी लय चढवायचे जी. आता सुधरले." बाजूला त्यांचे यजमान पोह्यांची बशी हातात धरून खाली मान घालून बसले होते. मला कुठे तोंड लपवू असं झालं. साडभाऊंनी मात्र ते मॉडेल बाद केलं.

पण खरी परीक्षा वेगळीच होती. हल्लीच्या टीव्हीच्या रिमोटमध्ये बोललं की टीव्ही ऐकतो आणि शोधून दाखवतो, हे त्यांना कळलं होतं. अमरावतीला राजकमल चौकाजवळच्या एका दुकानात विक्रेत्यानं अभिमानानं सांगितलं, "काका, मराठी समजते याला. बोला काहीही." साडभाऊंनी रिमोट दोन्ही हातांत धरला, घसा साफ केला आणि म्हणाले, "मले शेंदूरजनाघाट दाखव." टीव्हीनं विचार केला आणि मल्याळम सिनेमे दाखवले. लुंगी वर खोचलेला एक धिप्पाड मनुष्य नारळाच्या बागेत चौघांना बदडत होता. साडभाऊ म्हणाले, "हे आपलं गाव नाई." दुसऱ्यांदा बोलले, तर मारुतीला शेंदूर कसा लावावा याची माहिती आली. तिसऱ्यांदा कोकणातला घाट, वळणावळणाचा, धुक्यातला. मग साडभाऊंचा तोल गेला. "काहून बे, आयकू नाई येऊन राह्यलं काय?" टीव्हीनं तेवढ्यातून 'काऊ' उचललं आणि लहान मुलांचं कावळ्याचं गाणं सुरू केलं. सगळं दुकान हसायला लागलं. विक्रेता म्हणाला, "काका, जरा शुद्ध बोला न. 'मला' म्हणा."

साडभाऊंनी रिमोट हळूच काउंटरवर ठेवला. "आमचे मालक राजस्थानचे होते," ते म्हणाले, "पन गादीवर बसले की 'तुमाले काय दाखवू' म्हनत. ज्याले विकाचं आहे त्यानं भाषा शिकाव. गिऱ्हाइकानं कायले शिकाव?" त्या दिवसापासून एकच कसोटी उरली. ज्या टीव्हीला 'मले' कळतं, तोच घरी येणार.

आता तुम्ही म्हणाल, मजा आहे. मलाही मजाच वाटत होती, पण ते ताईचा फोन येईपर्यंत. एका दुपारी तिनं माझ्या बायकोला फोन केला आणि मला सांगू नको म्हणून सगळं सांगितलं. माझ्या बायकोनं अर्थातच फोन ठेवल्या ठेवल्या मला सांगितलं. ताई पुतणीला घेऊन डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन आली होती. डावा डोळा गेल्यातच जमा होता. उजव्यानं अजून दिसत होतं, पण शुगरनं त्याचाही पडदा खराब होत चालला होता आणि किती दिवस दिसेल ते डॉक्टरला सांगता येत नव्हतं. साडभाऊंना तिनं फक्त 'जरासं धूसर दिसते' एवढंच सांगितलं होतं. घर तिला पाठ होतं, भांडी हाताला ठाऊक होती, त्यामुळे त्यांना काही उमगलं नव्हतं.

"मग जिजाजींना सांग न," माझी बायको रडत म्हणाली. "उद्याच्या उद्या टीव्ही आणतील ते."

"म्हनूनच नाई सांगत," ताई म्हणाली. "छत्तीस वर्सं दुसऱ्याच्या पसंतीचं कापड दाखवलं त्यायनं. आता कुठी सोताच्या पसंतीनं पाहून राह्यले. घाईत घेतला त जलमभर मनाले लावून घेतीन. अन् रोज संध्याकाळी येऊन सांगतेत न मले, आज कोन्त्या दुकानात गेलो, कोनाले काय बोललो. मले त तेच आयकाले लय चांगलं वाटते वं."

आता आली का पंचाईत! बाईनं शपथ घातलेली. मला सगळं माहीत, आणि साडभाऊ गुरुवारी येतो म्हणून दुकानातून निघून जाताहेत. बायको म्हणाली, तुम्हीच घेऊन द्या न एक. मी म्हणालो, साडभाऊंचा अपमान होईल. खरं सांगतो, मी तेव्हा मानापमानाच्या आड लपलो. बारा-चौदा हजार खर्चून मी दुसऱ्याच दिवशी टीव्ही नेऊन ठेवला असता तर ते चार दिवस रुसले असते, पाचव्या दिवशी आले असते. पण नाही नेला. त्याऐवजी त्यांच्यामागे घाई करत राहिलो, आणि घाई करणं हा काही माझा गुण नाही, मला नुसतं चिडता येतं. एकदा अमरावतीच्या दुकानात, त्यांनी सातवा रिमोट खाली ठेवला तेव्हा मी सर्वांदेखत ओरडलो, "साडभाऊ, साडी नाही ही! टीव्ही आहे! घ्या एक आणि चला!"

त्यांनी सुतळी गुंडाळून खिशात घातली. बाहेर आलो. रसवंतीवर बसलो. ग्लास हातात धरून ते म्हणाले, "तिनं कधी काई मांगतलं नाई न साडभाऊ. पडल्यापासून सारखं मांगा लागते. पानी दे, काठी दे, खिडकी लाव. तिले आवडत नाई, मले कळते. मायेरचं गाव पाह्याचं असलं त तेवढं तरी तिले कोनाले मांगा नाई लागलं पाह्यजे. बोलली, का दिसलं पाह्यजे. तिच्या बोलीत." मी मान खाली घालून रस प्यायलो. गोड लागला नाही.

आणखी चार महिने गेले. मग एका सकाळी सात वाजता फोन वाजला. साडभाऊंचा आवाज लहान पोरासारखा झाला होता. "साडभाऊ! याले 'मले' समजते!" कुठलं तरी कधी न ऐकलेलं नाव, बारा हजारांच्या आत, आदल्या दिवशी घरी आणलेला. दुकानात त्यांनी तीनदा विचारलं आणि तिन्ही वेळा टीव्हीनं बरोबर उत्तर दिलं होतं. पण ताईनं तो लावू दिला नव्हता. बहीण आल्याशिवाय मी गाव पाहणार नाही म्हणाली. आम्ही मिळेल ती बस पकडून अकोल्याला गेलो.

टीव्हीला हार घातला होता. ताई समोरच्या खुर्चीत, अंगावर चांगली साडी, केस विंचरलेले. माझ्या बायकोनं जवळ जाऊन तिचा हात धरला तेव्हा ताई "कोन?" म्हणाली आणि लगेच सावरून, "तू होय वं, कवाची वाट पाहून राह्यली मी," असं हसत म्हणाली. मी साडभाऊंकडे पाहिलं. ते रिमोटवरचं प्लास्टिक काढण्यात गुंग होते. त्यांनी रिमोट तिच्या हातात दिला, अंगठा बटणावर ठेवून दिला. "बोल आता."

ताई लाजली. मग एखाद्या मोठ्या माणसाशी बोलावं तशी म्हणाली, "मले शेंदूरजनाघाट दाखवता काय जी?"

आणि दाखवलं की हो! पहिल्या झटक्यात. साडभाऊंनी मांडीवर थाप मारली. मोटारसायकलवरून काढलेलं गाव पडद्यावर धावायला लागलं, संत्र्यांचे ढीग, क्रेट भरणाऱ्या बाया, रस्ता. माझी बायको ओरडली, "ताई, शाळा पाह्य न!" ताईनं मान हलवली. "हाव न," म्हणाली. "किती बदलली." पण ती शाळेकडे पाहत नव्हती. टीव्हीच्या बाजूला भिंतीवर कॅलेंडर होतं, तिचा चेहरा तिकडे होता, आवाज जिकडून येत असेल असं तिला वाटलं तिकडे.

साडभाऊंनी ते पाहिलं. मी त्यांना पाहताना पाहिलं. त्यांचा हात मांडीवर तसाच राहिला. एकदा वाटलं, आता हा माणूस कोसळतो. पण नाही. ते उठले, स्टूल ओढून तिच्या खुर्चीला लावून बसले आणि पडद्याकडे न बघताच बोलायला लागले. "हे पाह्य, आता बजारातून आत वळला तो. उजव्या हाताले तुमची गल्ली. गल्लीत सावली आहे. तुमचं फाटक अर्धं उघडं आहे वं, कोनी तरी आत्ताच आत गेलं. अंगनात कवठाचं झाड आहे, त्याच्याखाली तुयी माय सूप घेऊन बसली..."

व्हिडिओतली मोटारसायकल केव्हाच गाव सोडून वरुडच्या रस्त्याला लागली होती. पडद्यावर पेट्रोल पंप होता. माझ्या बायकोनं तोंडात पदर कोंबला. मीही काही फार शहाणपणानं बसलो नव्हतो.

ताई ऐकत राहिली. मग म्हणाली, "ते कवठ त माया लगनाच्या आंधीच पडलं होतं. तुमी कुठी पाह्यलं?"

"तूच त सांगतलं होतं."

तिनं रिमोट चाचपून साडभाऊंच्या हातात दिला. "मंग सांगा," ती म्हणाली. "सुपात काय आहे?"

निघताना साडभाऊ आम्हाला रिक्षापर्यंत सोडायला आले. "तुमाले मालूम होतं," ते म्हणाले. मी हो म्हणालो. पाया पडावंसं वाटलं, पण साडू साडूच्या पाया पडत नाही. ते रिक्षाचा दांडा धरून उभे राहिले. "सांगतलं असतं त मी पहिल्याच दुकानातला घेतला असता. पाच-सहा महिने तरी पाह्यलं असतं तिनं." मग दांडा सोडत, "पन त्याले 'मले' समजत नव्हतं," म्हणाले आणि घाईघाईनं वळून घरात गेले.

परतीच्या बसमध्ये बायको खिडकीशी बसली होती. मूर्तिजापूर मागे पडल्यावर एकदम म्हणाली, "तुम्ही आमच्या घरी किती वर्षं येत होते हो?"

"वीस-बावीस तरी. दिवाळीला, उन्हाळ्यात."

"मग सांगा न. मी डोळे मिटते."

मला हसू आलं, पण तिनं खरंच डोळे मिटले. मी सुरुवात केली. "फाटकातून आत गेलं की... डाव्या हाताला विहीर."

"विहीर मागे होती."

"हो, मागे. आणि ओसरीत झोपाळा."

"आमच्याकडे झोपाळा कधीच नव्हता," ती डोळे न उघडता म्हणाली.

मी आठवत राहिलो. जावई म्हणून गेलो होतो, पाटावर बसून जेवलो होतो, खुर्चीत बसून पेपर वाचला होता, दुपारी झोपलो होतो. तिनं काय काय सांगितलं असेल त्या वर्षांत, रात्रंदिवस, आणि मी हूं हूं केलं असेल. तिचे डोळे तसेच मिटलेले होते. "सांगा न," ती पुन्हा म्हणाली. बडनेरा आलं तरी मी अजून फाटकातच उभा होतो.